गाडी सरळ, मन वळणावर

आमच्या गाडीतला टेप बंद पडला तो नेमका मी पुण्याहून कोल्हापूरला एकटा निघालो त्या दिवशी. टेप म्हणजे तो आता काही टेप राहिलेला नाही. त्यात कॅसेट जात नाही, सीडी जात नाही. नुसता एक काचेचा पडदा आहे आणि त्याचं खिशातल्या फोनशी सूत जुळावं लागतं. पण माझ्या वयाच्या माणसाच्या लेखी गाडीत जे गातं ते टेप! या टेपचं आणि फोनचं वर्षभर उत्तम चाललं होतं. त्या दिवशी सकाळी मात्र दोघांनी एकमेकांना ओळखच दाखवली नाही. मी बटणं दाबली, फोन बंद करून चालू केला, शेवटी पडद्याला हलकीशी चापटही मारून पाहिली. आमच्या लहानपणी रेडिओ चापटीनंच ताळ्यावर येत असे. पण हल्लीच्या यंत्रांना माराची सवय नाही. त्यानं उलट मौन धरलं.

"अहो, पाच तास गाण्याशिवाय गेले तर काही बिघडत नाही," ही गॅलरीतून म्हणाली. "मन रमवा."

"कशात?"

"मनातच!"

बायकांना अशी वाक्यं कशी सुचतात, आणि तीही दुसऱ्या मजल्यावरून, हे मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की मनात रमण्याची त्या दिवशी मला मुळीच इच्छा नव्हती. कोल्हापूरला आमच्या जुन्या घराच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या आणि तिथे धाकटा भाऊ भेटणार होता. आमच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही. "गूळ पोचला का विचार," "पोचला म्हणावं," अशी बातचीत बायकांच्या मार्फत होत असे. दोन देशांचे वकील बोलतात तशी. कारण विचाराल तर अण्णांचा झोपाळा. सागवानी पाट आणि पितळी कड्या असलेला आमच्या ओसरीवरचा झोपाळा थोरल्या मुलाकडे यावा असं माझं म्हणणं. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तो टांगायला कडी नाही, कडी बसवायला तुळई नाही आणि स्लॅबला भोक पाडायला सोसायटीची परवानगी नाही, या फुटकळ अडचणींचा तत्त्वाशी काय संबंध? तर या विषयावर मी पाच मुद्द्यांचं एक भाषण तयार केलं होतं. वाटेत नाट्यसंगीत ऐकायचं, चित्त वीररसात ठेवायचं आणि कोल्हापूर आलं की पाची मुद्दे एका दमात सांगायचे असा बेत होता. टेपनं पहिला सुरुंग तिथेच लावला.

कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत माझी जी तडफड झाली ती काय सांगू! हात आपोआप बटणाकडे जायचा आणि ओशाळून परत यायचा. पण या बाबतीत आपण एकटे नाही. २०१४ साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी एक प्रयोग केला. माणसांना एकेकटं रिकाम्या खोलीत बसवायचं. पंधरा मिनिटं फक्त विचार करायचा. पुस्तक नाही, फोन नाही. सोबतीला एकच गोष्ट, एक बटण. ते दाबलं की आपल्यालाच विजेचा झटका बसतो. झटका कसा लागतो ते आधी चाखवलेलं होतं आणि तो टाळण्यासाठी वेळ पडली तर पैसे मोजू, असं याच लोकांनी सांगितलेलं होतं. तरीसुद्धा अठरापैकी बारा पुरुषांनी आणि चोविसांपैकी सहा बायकांनी आपखुशीनं बटण दाबलं! एका पठ्ठ्यानं तर एकशेनव्वद वेळा. त्याला हिशेबातून वगळावा लागला. आपल्या मनाबरोबर पंधरा मिनिटं बसण्यापेक्षा माणसाला शॉक बरा वाटतो. माझ्यापुढे पाच तास होते आणि गाडीत शॉकची सोय नव्हती.

मग मनात आलं, की पूर्वीची माणसं काय करीत असतील? आणि बघा, असं काही मनात आलं की आपण भटकायला लागलोच म्हणून समजावं.

गाडीत गाणं ही वस्तू काही फार जुनी नाही. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन नावाच्या गृहस्थानं आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी घेऊन तो अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या मेळाव्याला गेला. आत दुकान मांडायला जागा नव्हती. मग यानं गाडी बाहेर उभी केली आणि आवाज मोठा केला. लाउडस्पीकर लावला की गर्दी जमते हे तत्त्व आपल्या गणेशोत्सवाखेरीज इतरांनाही ठाऊक होतं म्हणायचं! त्या रेडिओचं नाव त्यानं 'मोटर'वरून 'मोटोरोला' ठेवलं. गाण्यानं चालकाचं लक्ष उडेल म्हणून त्या काळी तिकडे आरडाओरडही झाली. पुढे १९६३ मध्ये फिलिप्सनं कॅसेट काढली आणि १९७९ मध्ये सोनीनं वॉकमन काढून माणसाच्या थेट कानातच बिऱ्हाड केलं. आपल्याकडे घरच्या रेडिओलासुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागे. त्यामुळे गाडीत रेडिओ असणारा माणूस दिसला की आम्ही पोरं त्याच्याकडे संस्थानिकाकडे पाहावं तसं पाहत असू.

म्हणजे सगळा मिळून शंभरेक वर्षांचा इतिहास. त्याआधी काय होतं? दिंडी होती, पण दिंडीत टाळमृदंग असतात. बैलगाडी होती, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असत. टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीलासुद्धा घुंगरं असत, ती जनावरं दूर राहावीत म्हणून. एकंदरीत चार माणसं जमली की आपण आवाज करणारच. पण माणूस एकटा असला की वाट आणि मन, तिसरं कोणी नाही. गाडीवान झोपला तरी बैल बरोबर घरी येत, म्हणजे त्याला भटकण्याची केवढी चैन! हल्ली आपोआप चालणाऱ्या मोटारींचं मोठं कौतुक चाललेलं असतं. आमच्या आजोबांकडे अशा दोन होत्या आणि त्या कडब्यावर चालत.

आणि पायी जाणारे? पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं एवढा साधा हिशेब. वाटेत बंडात सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, मिळवलेलं लुटारूंनी नेलं, आणि शेवटी आईवडलांना स्नान घालायला खांद्यावर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. एवढी वाट तुडवताना भटजींचं मन काय काय चघळत असेल! मी खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर पहिला विचार केला तो मात्र, "मागच्या खेपेला इतके पैसे घेतले नव्हते," हा.

शिरवळ मागे टाकून खंबाटकीचा घाट चढायला लागलो. आणि का कोण जाणे, मी वळणं मोजायला लागलो. एक, दोन, तीन… चौथ्याला पुढे उसाची ट्रॉली आली आणि मोजणं राहून गेलं. का मोजत होतो? आठवेना. काहीतरी होतं खरं. मनाच्या माळ्यावर एखादं गाठोडं हलल्यासारखं झालं, पण हाती लागेना. मी सोडून दिलं.

सोडून द्यावं आणि मग सापडावं, याला मोठी परंपरा आहे. फ्रान्समधले थोर गणिती आंरी प्वांकारे १८८०च्या सुमारास एका गणितात अडकले होते. पंधरा दिवस डोकेफोड केली. मग कुठल्याशा भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेले आणि गणित पार विसरले. कुतांस नावाच्या गावी घोड्यांच्या बसमध्ये चढण्यासाठी त्यांनी पायरीवर पाय ठेवला, आणि पाय पायरीवर असतानाच उत्तर डोक्यात आलं! पडताळा घ्यायला वेळ नव्हता. ते जागेवर बसले आणि शेजाऱ्याशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केलं. हा तपशील मला फार आवडतो. मला असं काही सुचलं असतं तर मी आधी कंडक्टरला सांगितलं असतं. डार्विनसाहेबांचंही तेच. एकाच मुळातून निघालेले जीव इतके वेगवेगळे का होत जातात, या कोड्याचं उत्तर त्यांना घोडागाडीतून जाताना सापडलं आणि रस्त्यावरची ती नेमकी जागा म्हातारपणीही त्यांच्या लक्षात होती, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पण ही झाली दुसऱ्याच्या हातात लगाम असलेली माणसं. स्वतः गाडी हाकणाऱ्यांत मला मान द्यावासा वाटतो तो कॅरी मलिस यांना. १९८३ सालच्या वसंतातली शुक्रवारची रात्र. हे रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात १२८ नंबरच्या रस्त्यानं डोंगरातल्या आपल्या झोपडीकडे चालले होते. शेजारी मैत्रीण होती, पण ती गाढ झोपलेली. म्हणजे एकटेच म्हणायचे. वळणावळणाचा रस्ता, आणि मनात डीएनएचे धागे. एकाचे दोन करायचे, दोनाचे चार, चाराचे आठ… तीस वेळा दुप्पट केलं की एकाचे शंभर कोटींच्या वर! त्यांनी गाडी कडेला घेतली, कागद-पेन्सिल शोधली आणि आकडे मांडले. जागा त्यांनी सांगून ठेवली आहे, ४६.५८ मैलांच्या खुणेजवळ. त्या विचाराला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. २०२० साली आपण सगळे नाक वर करून रांगेत उभे राहिलो ते 'आरटीपीसीआर' म्हणजे त्या रात्रीच्या भटकंतीचंच फळ. मलिससाहेबांच्या गाडीत त्या रात्री टेप जोरात चालू असता तर? मी उगाच आमच्या टेपकडे जरा आदरानं पाहिलं.

सुरूरला वाईचा फाटा गेला. वाई म्हटलं की मला विश्वकोश आठवतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथे बसून जगातलं ज्ञान अकारविल्हे लावायला घेतलं. माझ्या मनाचाही विश्वकोशच आहे, फक्त त्यात अकारविल्हे नाही. 'झोपाळा' या नोंदीनंतर 'टोल' येतो, मग 'डार्विन' आणि मग 'घरी गॅस बंद केला होता का?' ही नोंद.

सातारा आलं. उजव्या अंगाला कुठेतरी सज्जनगड. समर्थांनी मनाला समजावण्यासाठी दोनशेपाच श्लोक रचले. म्हणजे त्या काळीही मन काही एकदोन श्लोकांत ऐकणाऱ्यांतलं नव्हतं. शास्त्रज्ञांनी याचं मोजमापच केलंय. २०१० साली अमेरिकेत किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी सव्वादोन हजार लोकांना फोनवरून वेळीअवेळी विचारलं, "आत्ता काय करताय? आणि मन कुठे आहे?" जवळजवळ सत्तेचाळीस टक्के वेळा मन हातातलं काम सोडून दुसरीकडेच होतं. आणि भटकणारं मन बहुधा नाखूष असतं असाही त्यांचा निष्कर्ष.

मग ते भटकतंच कशाला? हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी कवटीवरून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केलं. माणूस काही न करता डोळे मिटून पडला तरी लहरी चालूच! पुढे २००१ साली मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आपण 'काही करत नसतो' तेव्हा मेंदूतले काही भाग उलट जास्त कामात असतात, आणि आपण कामाला लागलो की ते मंदावतात. हे भाग करतात काय, तर गेलेलं आठवतात, यायचं आहे ते रंगवतात, आणि दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधतात. वजनानं शरीराचा जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव सगळ्या खर्चाचा पाचवा हिस्सा एकटा खातो, आणि एखाद्या कामाला जुंपला तर खर्च अगदी थोडाच वाढतो. म्हणजे घरातला बिनकामाचा समजला जाणारा माणूस दिवसभर माळ्यावर बसून जुने कागद लावत असतो, तसं आहे हे. गाणं लावलं की तो बिचारा हातातलं गाठोडं ठेवून ऐकत बसतो.

एवढ्यात मागून ट्रकनं कर्णा फुंकला. मी भानावर आलो. मधल्या पट्ट्यातून माझी गाडी वरातीच्या चालीनं चालली होती. तर भटकंतीची ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी अपघातात जखमी झालेल्या ९५५ चालकांना, अपघाताच्या क्षणी मन कुठे होतं, हे विचारलं होतं. ज्यांचं मन फार दूर गेलेलं होतं, त्यांचीच चूक असण्याचं प्रमाण जास्त निघालं. मलिससाहेबांनी गाडी कडेला घेतली होती, हे विसरता कामा नये. मीही कराडच्या पुढे एका चहाच्या टपरीशी गाडी कडेला घेतली.

दार उघडलं. एक पाय जमिनीवर ठेवला. समोरच्या टेबलावर कांदाभज्यांची बशी होती आणि बशीत अर्धं लिंबू. आणि प्वांकारेंची शपथ, दुसरा पाय गाडीतच असताना माळ्यावरचं गाठोडं धपकन खाली पडलं.

१९७२ साल. कोल्हापूरहून पुण्याला आत्याच्या लग्नाला निघालेली एस.टी. मी अकरा वर्षांचा, धाकटा आठ. त्याला गाडी लागायची. म्हणून खिडकी त्याची आणि हातात लिंबू. हा कायदा अण्णांनी केलेला होता. मला खंबाटकीची वळणं मोजायची होती. अण्णांचा डोळा लागलेला पाहून मी म्हटलं, "जरा सरक की, घाटापुरता." तो काही न बोलता उठला आणि मधे बसला. चौथ्या वळणाला त्यानं अण्णांच्या लग्नासाठी नेसलेल्या नव्या धोतरावर सकाळचं सगळं जेवण ठेवलं. अण्णा खडबडून जागे झाले, आधी थोबाडीत दिली आणि मग विचारलं, "खिडकी सोडून इकडे कशाला मेलास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहत होतो. तो म्हणाला, "ऊन लागत होतं."

आणि मी वळणं मोजत राहिलो. पुढे पन्नासएक वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

चहा निवत होता. मी हिशेब करत होतो. पुण्याला शिकायला गेलो मी. नोकरी धरून तिथेच राहिलो मी. वर्षातून दोनदा जाऊन "अण्णा, तब्येत जपा" असं सांगून आलो मी. शेवटची नऊ वर्षं अण्णांना झोपाळा हलल्याशिवाय झोप लागत नसे, तेव्हा रात्री एक-एक वाजेपर्यंत शेजारी बसून पायानं झोका देणारा तो होता. त्या खिडकीत मी जो बसलो तो आजवर उठलोच नव्हतो. आणि आता पाच मुद्दे घेऊन झोपाळा मागायला चाललो होतो!

टपरीवाल्यानं विचारलं, "काका, भजी नको का?" मी म्हटलं, "नको, लिंबू तेवढं दे." त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

पुढचे दीड तास मी भाषण आठवून पाहिलं. पेठ नाक्यापर्यंत तीन मुद्दे शिल्लक होते, किणीला एक. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा वक्ता पूर्ण निःशस्त्र झाला होता. धाकटा दारातच उभा होता. दोन वर्षांनी बोलायचं म्हणजे त्यालाही सुचत नसावं.

"आलास? उन्हाचं कशाला निघालास, दादा?"

"झोपाळा तुझ्याकडेच राहू दे," मी म्हटलं. खरं म्हणजे आधी प्रस्तावना करायची पद्धत असते. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "आधी जेव की. पांढरा रस्सा निवायला लागलाय."

जेवणानंतर मी त्याला खंबाटकीची गोष्ट सांगितली. त्यानं सुपारी कातरता कातरता ऐकून घेतली आणि म्हणाला, "मला काही आठवत नाही बाबा. तू पण काय काय डोक्यात घेऊन बसतोस!" विषय तिथे संपला. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. निघताना त्यानं काकवीची बाटली आणि भडंगाचं पुडकं मागच्या सीटवर ठेवलं, आणि मग खिडकीतून हात घालून समोरच्या फळीवर एक लिंबू ठेवलं.

"घाट आहे," एवढंच म्हणाला.

येताना पुण्याकडची वाहतूक बोगद्यातून जाते. त्यामुळे वळणं मोजायची राहिली ती राहिलीच. टेप मी अजून दुरुस्त करून घेतलेला नाही. ही विचारते तेव्हा मी डार्विन, प्वांकारे आणि मलिस यांचे दाखले देतो. ती शांतपणे ऐकून घेते आणि शेजारच्या सीटवर बसून सासवडपर्यंत एकटी बोलत राहते. त्या प्रवासांत मला अजून काहीही सुचलेलं नाही.